शंकासुराचं मत

जिन्याखालच्या खड्ड्यात डोकं घालून मीटरवाला पाण्याच्या मीटरवरचा आकडा वाचत होता, तेव्हा त्याच्या खिशातला दुसरा फोन थरथरायला लागला. एकदा थरथरून गप्प बसला असता तर ठीक होतं, पण तो थांबेचना. वरच्या पायरीवर उभी असलेली घरमालकीण म्हणाली, घरून असेल, घ्या की. घरून नाही, कामाचंच आहे, असं सांगून त्याने काचेवरचा चिखल अंगठ्याने पुसला, आकडा हातातल्या यंत्रात टाकला, खड्ड्यावर झाकण ठेवलं आणि बाईचा निरोप घेतला. कोपऱ्यावरच्या भिंतीला टेकून मग त्याने तो फोन बाहेर काढला.

झलक आली होती. नव्या 'कवडशा'ची पहिली झलक.

कवडसा कोण, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायला हवं. पडद्यावरचा वीर. जिथे उजेडाची तिरीप शिरते तिथे हा शिरतो, मग ती दाराची फट असो की कुलपाचं छिद्र. राखाडी अंगरखा, छातीवर पिवळा ठिपका, तोंडावर अर्धा मुखवटा. एक अख्खी पिढी त्याच्या नादाने वाढली, उशांचे अभ्रे गळ्याला बांधून पलंगावरून उड्या मारती झाली. शेवटच्या भागात तो खाणीत अडकलेल्या कामगारांना बाहेर काढता काढता स्वतः आत राहिला. शेवटची फट बुजली आणि तो संपला. सिनेमाघरात मोठी मोठी माणसं हमसून हमसून रडली होती. त्यानंतर बरीच वर्षं कोणी त्याचं नाव काढलं नाही, आणि आता सिनेमावाल्यांनी ठरवलं होतं की सगळं पहिल्यापासून मांडायचं. नट नवा, पोशाख नवा, गोष्ट नवी. खाण कोसळलीच नव्हती आणि मरण झालंच नव्हतं, असं धरून चालायचं.

हे 'धरून चालायचं' प्रकरण चाहत्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. फोनवर त्यांचा एक गट होता, त्याचं नाव 'तिरीप'. एकमेकांची तोंडं न पाहिलेली ही मंडळी दिवसरात्र एकमेकांच्या उरावर बसलेली असायची. त्यात दोन तट पडले होते. एक तट म्हणे, तो परत येतोय यातच सगळं आलं, कसाही येवो. दुसरा म्हणे, मग आपण तेव्हा रडलो ते कोणासाठी? आज झलक आल्यावर तर रणच माजलं होतं. पिवळा ठिपका छातीवरून उचलून खांद्यावर नेला होता. नव्या नटाची हनुवटी काहींना पसंत पडली होती, काहींना ती हनुवटी पाहून मळमळत होतं. बेकरीवाल्याने लिहिलं होतं की असा ठिपका पाहण्यापेक्षा मी भट्टीत डोकं घालीन. बेकरीवाला खरोखरच बेकरी चालवायचा आणि त्याची प्रत्येक धमकी भट्टीपाशी येऊन संपायची. आणि या सगळ्या गदारोळाखाली नेहमीचा प्रश्न होता, शंकासुराचं मत काय?

शंकासुर म्हणजे मीटरवाल्याचा मुलगा. कुठलीही गोष्ट पुढ्यात आली की त्याच्या मनात आधी शंकेची पाल चुकचुकायची, म्हणून गटाने त्याचं हे नाव ठेवलं होतं. माल पाठवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात तो खोकी लावायचं काम करायचा. गेल्या थंडीत, भर दुपारी, हातात खोकं असताना तो खाली बसला आणि उठला नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. तिशीही गाठली नव्हती त्याने.

मीटरवाल्याने झलक तीनदा बघितली. मग भिंतीला टेकल्या टेकल्याच त्याने लिहिलं, "थांबा रे. ठिपका खांद्यावर नेला म्हणजे छातीत काहीतरी दुसरं ठेवायचं असेल. बघू". पूर्णविराम द्यायचा नाही हे त्याला आठवलं. पोरगा शेवटी कधीच द्यायचा नाही. क्षणात उत्तरांचा पाऊस पडला. बघा, हा बोलला की पॉइंटाचं बोलतो. शंकासुरा, तू एवढे दिवस झोपला होतास काय. मीटरवाल्याने सगळी उत्तरं वाचली, फोन पुसला, खिशात ठेवला आणि पुढच्या घराकडे वळला.

हे सुरू कसं झालं ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. पोरगा गेल्यावर त्याचा फोन त्याने बंद होऊ दिला नव्हता, एवढंच. रोज सकाळी तो चार्जिंगला लावायचा. गटातली मंडळी विचारत राहायची, शंकासुरा, कुठे मेलास? हसत हसत लिहिलेलं असायचं, त्यांना काय माहीत. एकदा मीटरवाला सांगायलाच बसला होता. 'मी त्याचा बाबा' एवढं लिहून झालं आणि बोट पुढे सरकेना. त्याने ते पुसलं. तेवढ्यात कोणीतरी नव्या मुखवट्याचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, आता तरी तोंड उघड. मीटरवाल्याने चित्र पाहिलं. मुखवटा त्याला खरंच आवडला नाही. त्याने लिहिलं, "बघितला. पटला नाही". आणि एकदम दहा-वीस जणांनी जल्लोष केला, आला, आला, शंकासुर आला. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी मीटरवाल्याच्या पोटात धड अन्न गेलं. बायकोला वाटलं, माणूस सावरतोय.

त्याच्या कामात एक पद्धत होती. घर बंद असलं आणि मीटरपर्यंत जाता आलं नाही की तो रकाना रिकामा सोडायचा नसतो. मागच्या महिन्यांत त्या घराने पाणी कसं वापरलं ते बघायचं आणि सरासरी काढून आकडा टाकायचा. लोक गावाला गेलेले असतात, दवाखान्यात असतात, कोणी घर सोडूनही गेलेलं असतं, पण कागदावर त्या घरात पाणी वाहत राहतं, भांडी घासली जातात, आंघोळी होतात. आयुष्यभर त्याने हे काम बिनबोभाट केलं होतं. तेच तो आता पोराचं करत होता. गटावरची जुनी बोलणी वर वर जाऊन वाचायची, पोरगा कशावर चिडायचा, कुठे टोमणा मारायचा ते बघायचं, आणि त्या बेताने आजचं उत्तर टाकायचं. कवडशाचे जुने भाग त्याने एकट्याने बघून काढले. पोरगा घरात असताना याच भागांवरून बापाने त्याची टर उडवली होती, आणि आता खाणीचा प्रसंग आला की तोच बाप बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून रडायचा.

सरासरी थोडी इकडेतिकडे व्हायचीच. गटात एक नर्स होती, मुलांच्या वॉर्डात काम करायची. एका रात्री ती लिहून गेली की सकाळपासून उभी आहे, पोटात काही नाही. मीटरवाल्याने विचार न करता लिहिलं, "रिकाम्या पोटी राहू नये. आधी दोन घास खाऊन घे, सिनेमा कुठे पळून जात नाही." पूर्णविरामासकट. गट हसून हसून लोळला. शंकासुर म्हातारा झाला म्हणाले, याला लवकर नातवंडं होवोत. मीटरवाल्याने कपाळाला हात लावला, पण दुसऱ्या दिवशी नर्सने त्याला वेगळा निरोप पाठवला. खाल्लं, असं तिने लिहिलं होतं. त्यानंतर ती अधूनमधून वेगळं लिहायची. वॉर्डातलं एखादं पोर बरं होऊन घरी गेलं, एखादं गेलं नाही. मीटरवाला तिला जपून उत्तरं द्यायचा. झोप झाली का, पायांना तेल लाव, असलंच काहीतरी. ती मग नुसतं बरं म्हणायची.

तिची नि पोराची आधीची बोलणी वर होती. बोट फिरवलं असतं तर सगळी दिसली असती. ती मात्र त्याने वाचली नाहीत. गटावरचं सगळ्यांसाठी होतं, हे दोघांचं होतं. मीटर बघायला गेलेल्या माणसाने मीटर बघावं, घरात डोकावू नये, हा त्याचा नोकरीत लागल्यापासूनचा शिरस्ता, आणि त्याचा त्याला अभिमानही होता. पोरगा नसला म्हणून काय त्याच्या खोलीत न विचारता शिरायचं? एकदा तिने फोनच लावला होता, तेव्हा तो कापून त्याने लिहिलं, कामात आहे. पुन्हा तिने लावला नाही.

आणि मग ते ठरलं. सिनेमा लागेल त्या दिवशी सकाळचा पहिला खेळ सगळ्यांनी मिळून बघायचा. लांबून येणारे येणार होते. रांगेतल्या जागा बेकरीवाल्याने आधीच राखून ठेवल्या, शंकासुराची मधली. कोणी लिहिलं, शेवटी हा भूत आहे की माणूस ते कळेल. कोणी लिहिलं, सिनेमा पडला तरी चालेल, शंकासुराने तो पडताना काय तोंड केलं ते बघायला मिळालं की पैसे वसूल. नर्सने गटावर काहीच लिहिलं नाही. तिने वेगळं विचारलं, नक्की येणार ना? येत नाही म्हणावं तर पोरांचा हिरमोड, येतो म्हणावं तर जाणार कोण? तो दिवसभर खड्ड्यांची झाकणं उघडत आणि लावत राहिला, आणि संध्याकाळी घराच्या पायऱ्या चढता चढता त्याने लिहून टाकलं, "नक्की".

बायकोला कळलं ते आदल्या संध्याकाळी. ती त्याचा निळा शर्ट इस्त्रीला घेत होती आणि खिशात हा फोन राहिला होता. मीटरवाला दूध घेऊन आला तेव्हा इस्त्री उभी करून ठेवलेली होती आणि ती खुर्चीवर बसून वाचत होती. तिने मान वर केली नाही.

"उद्या नक्की, असं लिहिलंय," ती म्हणाली. "कोण जाणार आहे उद्या?"

त्याने दुधाची पिशवी ओट्यावर नेऊन ठेवली.

"अहो, मी विचारतेय. कोण जाणार आहे?"

ती चिडेल, फोन आपटेल, असं त्याला वाटलं होतं. ती वाचत राहिली. वाचता वाचता मध्येच एकदा तिला हसू आलं, भट्टीत डोकं घालण्याच्या गोष्टीला असावं, आणि लगेच तिने पदर तोंडाला लावला. बराच वेळ गेल्यावर ती म्हणाली, की हे 'बघू' त्याचं आहे, बाकीचं सगळं तुमचं आहे, त्याला असं समजुतीचं बोलता येत नव्हतं. मग तिने फोन मांडीवर पालथा ठेवला.

"मी इथे भिंतीकडे बघत बसायचे," ती म्हणाली, "आणि तुम्ही त्याला घेऊन गावभर फिरत होतात. एकटे. मला एकदा तरी त्याच्याशी बोलू द्यायचं होतंत."

मीटरवाला खाली बसला. आपण चोरी केली आहे आणि ती बाहेरच्या कोणाची नाही, घरातलीच केली आहे, हे त्याला तेव्हा कळलं.

ती मात्र थांबली नाही. इतके दिवस साठलेलं होतं ते तिने सावकाश, आवाज न चढवता बाहेर काढलं. पोरगा गेला हे शेजाऱ्यांना तिने सांगितलं होतं. नातेवाइकांना एकेक फोन तिने लावले. त्याच्या गोदामातल्या साहेबाशी ती बोलली. त्याचे केस कापणारा रस्त्यात भेटून विचारायला लागला तेव्हाही तीच बोलली, आणि हे गृहस्थ चार पावलं पुढे जाऊन चपलेचा पट्टा नीट करत उभे राहिले होते. "तो गेला हे तुम्ही आजवर एकदा तरी तोंडाने म्हणालात का हो?" तिने विचारलं. "एकदा तरी?"

तो नाही म्हणाला.

"मग उद्या जा आणि म्हणा. लिहून नाही, तोंडाने. त्या पोरांना तरी वेळेवर रडू द्या."

तू पण चल, असं त्याने सुचवून पाहिलं. ती म्हणाली, मला नाही बघवणार. आणि उठून तिने शर्टाची राहिलेली बाही इस्त्री केली.

सकाळी सिनेमाघराच्या दारात ही गर्दी होती. राखाडी अंगरखे घातलेली धडधाकट माणसं एकमेकांना ढकलत होती. पिवळा ठिपका काहींनी छातीवर लावला होता आणि काहींनी खांद्यावर, त्यामुळे कोण कुठल्या तटाचं ते लांबूनही कळत होतं. एकाने शहाणपणाने दोन्हीकडे लावला होता आणि दोन्हीकडून शिव्या खात होता. सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता. पहिल्या पंधरा मिनिटांत खाणीचं नाव निघालं नाही तर उठून जायचं, असं एक गट म्हणत होता. आधीच बघून आलेल्या कोणाच्या तरी चुलतभावाने म्हणे सांगितलं होतं की सिनेमा बरा आहे, आणि 'बरा' म्हणजे नेमका किती बरा यावर दुसरीकडे वाद पेटला होता. त्यांच्या डोळ्यांत आशा आणि धास्ती इतकी मिसळलेली होती की मीटरवाल्याला दवाखान्याबाहेर बसलेली माणसं आठवली.

कामावरून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून तो निळ्या शर्टातच आला होता. 'तिरीप' मंडळी त्याला खांबापाशी सापडली. बेकरीवाला ओळखू येण्यासारखाच होता, पिठासारखा गोरा आणि गोल, हातात बिस्किटांचं मोठं खोकं, प्रत्येक बिस्किटावर पिवळा ठिपका. नर्स रात्रपाळी करून थेट आली असावी. केस ओले होते, डोळे लाल होते, पण गळ्यात राखाडी स्कार्फ नीट बांधलेला होता आणि तिचं लक्ष सारखं दाराकडे होतं. मीटरवाला जवळ गेला. मनात वाक्य घोळवून ठेवलं होतं, ते जिभेवर येत होतं, तोच बेकरीवाल्याने त्याच्या हातात आपला फोन दिला. निळ्या शर्टातला पोक्त माणूस सिनेमाघराचाच असणार असं त्याने धरलं होतं.

"काका, एक फोटो काढता का आमचा? सगळे येऊ द्या हं."

मंडळी ओळीने उभी राहिली. मध्ये एकाची जागा सोडा, शंकासुर येईलच, असं कोणीतरी म्हणालं आणि त्यांनी खरोखरच मध्ये जागा सोडली. मीटरवाल्याने फोन डोळ्यांसमोर धरला. चौकटीत हसरे चेहरे होते आणि मधोमध एका माणसाच्या रुंदीएवढी मागची भिंत. बोट दाबायचं तेवढं बाकी होतं. ते त्याच्याने दाबवेना.

"थांबा जरा," नर्स म्हणाली. "मी त्याला फोन लावते. आज उचलेल तो."

तिने फोन कानाला लावला. मीटरवाल्याच्या खिशात थरथर सुरू झाली. त्या कोलाहलात ती कोणालाही ऐकू जाण्यासारखी नव्हती. त्याने फोटो काढला असता, बेकरीवाल्याचा फोन परत केला असता आणि तो दाराबाहेर पडला असता, तर कोणी त्याला अडवलं नसतं. त्याने बेकरीवाल्याचा फोन डाव्या हातात घेतला, उजव्या हाताने खिशातला काढला, कानाला लावला आणि नर्सकडे बघत राहिला.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "त्याचा बाबा."

तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, कारण फोन उचलला गेला होता. मग तिने समोर पाहिलं.

"तो गेला, पोरी. गेल्या थंडीत गेला. हृदय बंद पडून." वाक्य पुरं झालं तेव्हा आपण ते मोठ्याने बोललो आहोत आणि सगळ्यांनी ऐकलं आहे हे त्याला जाणवलं. "शंकासुर गेला," त्याने पुन्हा सांगितलं, कारण त्याचं खरं नाव त्यांना माहीत नव्हतं.

ओळ मोडली. पहिला बोलला तो बेकरीवाला. मग इतके दिवस आम्ही बोलत होतो ते कोणाशी, त्याने विचारलं. माझ्याशी, असं मीटरवाल्याने सांगितलं. खांद्यावरच्या ठिपक्याचं? तेही मीच. बेकरीवाला खोकं घेऊन खांबाजवळच्या पायरीवर बसला आणि मोठ्या माणसासारखा न रडता लहान मुलासारखा रडायला लागला, नाक ओढत. एक उंच तरुण मात्र संतापला. आमच्याशी खेळ केलात तुम्ही, तो म्हणाला, माणूस मेलेला आणि आम्ही त्याला रोज म्हातारा म्हणून चिडवतोय. त्याने अंगरखा काढून बगलेत मारला आणि तो निघून गेला. मीटरवाल्याला त्याचा राग आला नाही. त्याचं बरोबर होतं.

नर्सने फोन अजून कानालाच धरला होता. तो तिने खाली घेतला आणि ती मीटरवाल्याला बाजूला, तिकीट खिडकीपलीकडच्या बाकाकडे घेऊन गेली. दोघं बसली. तिने विचारलं ते त्याला अपेक्षित नव्हतं.

"आमचं आधीचं बोलणं तुम्ही वाचलंत?"

नाही, त्याने घाईने सांगितलं. गटावरचं तेवढं वाचलं. ते तुमचं दोघांचं होतं, त्याला मी हात लावला नाही, देवाशपथ.

"वाचायला हवं होतंत," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. गोदामात आवाज फार आणि वॉर्डात बोलायची चोरी, म्हणून त्यांनी कधी फोनवर बोलणंच केलं नव्हतं. नुसतं लिहायचे. नवा कवडसा येणार असं जाहीर झालं त्या आठवड्यात तिने त्याला विचारलं होतं, की हा सिनेमा आपण दोघांनी मिळून बघायचा का, आणि यानंतरचेही सगळे. त्यावर त्याने लिहिलं होतं, "याचं उत्तर समोर बसून देणार, तोवर दम धर". ती दम धरून राहिली. त्यानंतर बरेच दिवस काही नाही, आणि मग एकदम गटावर, मुखवटा पटला नाही.

"मला काहीच नाही लिहिलं. मग एक दिवस म्हणता, दोन घास खाऊन घे. पायांना तेल लाव." ती स्कार्फची गाठ सोडत आणि बांधत होती. "मला वाटलं, नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलंय. म्हणून असा थोरल्या भावासारखा बोलतोय. मी म्हटलं, असू दे. तेवढं तरी बोलतोय. आणि आज ते 'नाही' ऐकायलाच आले होते मी."

पोराला कोणी विचारलं होतं. पोरगा कोणाला तरी समोर बसून काहीतरी सांगणार होता. ते काय, हे आता कुठल्याही सरासरीने काढता येणार नव्हतं. आणि ही मुलगी तेव्हाच रडून मोकळी व्हायची ती इतके महिने, आपल्यात काय कमी होतं याचा विचार करत, दुसऱ्यांच्या मुलांना औषधं देत राहिली, हे त्याच्या हातून झालं होतं. त्याच्या सभ्यपणाने झालं होतं.

"तो हो म्हणणार होता का?" तिने विचारलं.

खोटं सांगणं अगदी सोपं होतं. तोंडातून हो निघायचंच बाकी होतं, पण ते त्याने गिळलं. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "त्याच्या वतीने मी पुष्कळ बोललो. हे नाही बोलत."

तिने मान हलवली आणि मग ती रडली. फार वेळ नाही. आत घंटा झाली, दारं उघडली, राखाडी लोंढा आत शिरला. बेकरीवाला येऊन अदबीने म्हणाला, की काका, तुम्ही येणार का आत, जागा आहे. मीटरवाला घरी जायला उठला होता. नर्सने त्याच्या बाहीला धरलं आणि तो तिच्यामागून गेला.

मधली जागा त्याची झाली. डावीकडे बेकरीवाला, उजवीकडे ती. दिवे गेले तसा सभागृहभर एक सुस्कारा उठला आणि लगेच विरला. इतके महिने भांडून भांडून घसे बसलेली माणसं श्वास रोखून बसली. पडदा उजळला. जुनं संगीत नव्हतं, नवंच काहीतरी होतं, हळू. मीटरवाल्याने तिच्याकडे पाहिलं तर तिने डोळे मिटून घेतले होते.

"त्याचा आवाज कसा होता?" तिने हळूच विचारलं.

"माझ्यासारखा," तो म्हणाला. "नातेवाईक फसायचे फोनवर. मला 'काय रे गाढवा' म्हणून सुरुवात करायचे आणि मग जीभ चावायचे."

तिने डोळे उघडले नाहीत.

"मग तुम्ही सांगा मला, काय चाललंय ते. मला बघायचं नाहीये. ऐकायचंय."

मीटरवाल्याने घसा साफ केला. असं काही त्याने कधी केलेलं नव्हतं. तो पडद्याकडे बघत, दिसेल तसं सांगायला लागला. एक स्टेशन आहे. सकाळ आहे, माणसं येत-जात आहेत. बाकावर एक पोरगा झोपलाय, अंगावर राखाडी चादर आहे, पाय बाहेर आलेत. मागच्या रांगेतून कोणीतरी शुक् केलं. त्याने आवाज उतरवला आणि तो तिच्या कानाशी वाकला.

"आता त्याने डोळे उघडले," तो म्हणाला. "इकडेतिकडे बघतोय. आता उठतोय."

"उठला?"

"उठला. उभा राहिला. चादर घडी करून ठेवतोय. आता निघाला."

तिने मान हलवली. तिच्या मिटलेल्या पापण्यांखालून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"पुढे?" ती म्हणाली.

मीटरवाला पुढे सांगत राहिला.